‘एखादा चांगला डॉक्टर सांगा ना, मॅडम’

कुटुंब समुपदेशक म्हणून चिंचवडला मी गेली सोळा वर्षे बसते. गेल्या पाच-सहा वर्षांत तिशीतले पुरुष एक प्रश्न वारंवार विचारू लागले आहेत. पूर्वी हा प्रश्न क्वचितच यायचा. ‘हार्मोनची ट्रीटमेंट घ्यायची आहे, फसवणूक होणार नाही असा डॉक्टर कुठे मिळेल?’ असे ते विचारतात. प्रश्न सरळ वाटतो आणि उत्तरही सरळ असावे, म्हणजे एक नाव आणि एक फोन नंबर मिळावा, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. मी नाव का देत नाही आणि त्याऐवजी काय करते, हे एका अनुभवावरून सांगते. संबंधितांच्या परवानगीने हा अनुभव लिहीत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुधीर चौतीस वर्षांचे. चाकणजवळच्या एका कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलणारी नोकरी, लग्नाला तीन वर्षे झालेली, मूळ गाव बीडकडचे. पहिल्या भेटीत त्यांनी डब्याच्या पिशवीतून प्लॅस्टिकची एक फाइल आणि एक लहान खोके काढून टेबलावर ठेवले. फाइलमध्ये रक्ततपासणीचा अहवाल होता आणि त्यातील ‘टोटल टेस्टोस्टेरॉन २४१’ या ओळीभोवती कोणीतरी लाल पेनाने दोनदा गोल केला होता. खोक्यात टेस्टोस्टेरॉन एनंथेटच्या, म्हणजे याच पुरुषी संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) इंजेक्शनाच्या, २५० मिलिग्रॅमच्या कुप्या होत्या. जिममधल्या सरांनी त्यांना एका ‘मेन्स वेलनेस’ दवाखान्यात पाठवले होते. तिथे बारा आठवड्यांच्या कोर्ससाठी अठरा हजार रुपये भरून झाले होते, आणि पहिले इंजेक्शन येत्या शनिवारी घ्यायचे ठरले होते.

“वजन उचलता येत नाही पूर्वीसारखं, दम जातो, परफॉर्मन्सच राहिला नाही,” ते म्हणाले. “सर म्हणतात कोर्स मारला की महिन्यात फरक. पण बायको म्हणाली, आधी कुणाला तरी विचारा. तुम्ही एखादा चांगला डॉक्टर सांगा ना, मॅडम.”

इथे माझी एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. आठ वर्षांपूर्वी अशाच एका गृहस्थांना मी तत्काळ नाव दिले होते. त्या डॉक्टरांचे नाव मोठे होते आणि दवाखाना झकपक होता. पुढे कळले की दवाखान्याखालचे औषधांचे दुकान त्यांच्याच घरातले होते आणि येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तेच इंजेक्शन लिहून दिले जात होते. ते गृहस्थ वर्षभराने परत आले ते मूल होत नाही म्हणून. तेव्हापासून मी नाव सांगत नाही. डॉक्टर कसा पारखायचा ते सोबत बसून पाहते.

अहवाल वाचून निदान करणे हे माझे काम नाही, परंतु कागदावर लिहिलेली वेळ कोणालाही वाचता येते. रक्त संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी घेतलेले होते. मी विचारले तेव्हा सुधीर यांनी सांगितले की त्या दिवशी रात्रपाळी संपवून ते सकाळी नऊला झोपले, एकला उठले, आणि जिमला जाता जाता वडापाव खाऊन त्यांनी रक्त दिले. टेस्टोस्टेरॉनची पातळी झोपेत वाढते, उठण्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि दिवसभरात उतरत जाते. खाण्यानेही ती काही काळ खाली येते. म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की लक्षणे असतील तर सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करावी आणि दोन्ही वेळा पातळी कमी आली तरच पुढचा विचार करावा. सुधीर यांची तपासणी एकदाच झाली होती, तीही अर्धवट झोपेच्या दिवशी, संध्याकाळी, खाऊन झाल्यावर. त्या एका आकड्यावर बारा आठवड्यांचा कोर्स ठरला होता.

मी त्यांना दवाखान्याच्या डॉक्टरांनी काय काय विचारले ते आठवायला सांगितले. त्यांनी वजन विचारले होते, जिमला किती वर्षे जाता हे विचारले होते आणि पैसे रोख देणार की यूपीआयने, हे विचारले होते. मूल हवे आहे का, हे मात्र विचारले नव्हते. या एका प्रश्नाबद्दल मी फार आग्रही आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूतील पियुषिका ग्रंथीला वाटते, पुरवठा भरपूर आहे. ती वृषणांकडे पाठवायचे संदेश बंद करते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा थांबते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याचा अभ्यास झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा असा एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनंथेट देण्यात आले आणि बहुसंख्य पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. माझ्या टेबलावरच्या खोक्यातील मात्रा आठवड्याला २५० मिलिग्रॅम होती. हे सांगितल्यावर सुधीर यांनी खोके उचलून पुन्हा पिशवीत ठेवले आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. औषध बंद केल्यावर निर्मिती बहुतेकांची पूर्ववत होते, परंतु त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. घरात पाळण्याची वाट पाहणाऱ्यांसाठी हा काळ लहान नसतो.

दुसऱ्या भेटीला रेखा, म्हणजे त्यांच्या पत्नी, सोबत आल्या. त्या फोन घेण्यासाठी बाहेर गेल्या तेव्हा सुधीर खाली पाहत म्हणाले, “मॅडम, परफॉर्मन्स म्हणजे फक्त जिममधला नाही.” सहा महिन्यांपासून जवळीक जवळजवळ थांबली होती. गावाकडे प्रत्येक सणाला ‘काही गोड बातमी?’ हे ऐकावे लागत होते, आणि प्रत्येक वेळी त्या दडपणाने पुढचे आणखी बिघडत होते. जिममध्ये साइज वाढली की बाकीचेही आपोआप सुधारेल, असा त्यांचा हिशेब होता. मला तो हिशेब हास्यास्पद वाटला नाही. ज्याला घरात बोलता येत नाही तो वजनांशी बोलतो. रेखा परत आल्या तेव्हा हे वाक्य सुधीर यांनी स्वतःच त्यांच्यासमोर पुन्हा उच्चारले, त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “यांचं घोरणं इतकं वाढलंय की मीच हॉलमध्ये झोपते. यांना वाटलं मी रुसलेय.”

मग आम्ही तिघांनी डॉक्टर पारखायला घेतला. प्रथम त्या वेलनेस दवाखान्यातील डॉक्टरांचे नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर शोधले. नोंदणी क्रमांक खरा निघाला. लोक इथेच निश्चिंत होतात. परंतु नोंदीत फक्त एमबीबीएस होते आणि पाटीवर ‘हार्मोन व अँटी-एजिंग स्पेशालिस्ट’ असे लिहिलेले होते. अँटी-एजिंग नावाची मान्यताप्राप्त विशेष शाखा भारतात नाही. संप्रेरकांच्या विकारांचे तज्ज्ञ म्हणजे एंडोक्रिनोलॉजिस्ट. एमडीनंतर त्या विषयात डीएम किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) केलेले. पुरुष प्रजननाशी संबंधित तक्रारींसाठी एमसीएच झालेले युरोलॉजिस्टही (मूत्र व पुरुष जननसंस्थेचे शल्यविशारद) योग्य ठरतात. ही पुढची पदवी परिषदेच्या नोंदीत दिसते का, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर छापणे हा डॉक्टरांसाठी नियमच आहे. सुधीर यांच्याकडे चिठ्ठी नव्हती आणि पावतीही नव्हती. टेस्टोस्टेरॉन हे शेड्यूल एचमधील औषध असल्याने ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि खोक्यावर तशी सूचना होती. ती सुधीर यांनी प्रथमच वाचली.

पदवी ही पहिली पायरी झाली. त्यापुढे मी लोकांना डॉक्टरांचे म्हणणे ऐकण्यापेक्षा त्यांचे प्रश्न मोजायला सांगते. टेस्टोस्टेरॉन कमी का झाले हे शोधण्याआधीच जे औषध लिहितात, औषध स्वतःच विकतात, पॅकेजचे पैसे आगाऊ घेतात, किंवा उपचार सुरू केल्यावर पुढच्या तपासण्या कधी हे सांगत नाहीत, तिथून उठून यावे. उपचार खरोखर लागले तरी रक्तातील हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचे प्रमाण, तीन ते सहा महिन्यांत आणि नंतर दरवर्षी पाहावे लागते, कारण रक्त दाट होऊ शकते. ते ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवावे लागते. या तपासण्यांचे नाव न काढणारा डॉक्टर कितीही गोड बोलला तरी कामाचा नाही. खासगी तज्ज्ञांचे शुल्क परवडत नसेल तर शासकीय आणि महापालिकांच्या वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत चौकशी करावी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तर एंडोक्रिनोलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे रांग मोठी असते, हे मान्य.

सुधीर आणि रेखा यांनी स्वतः शोधून एका डीएम झालेल्या डॉक्टरांची वेळ घेतली. परतल्यावर सुधीर यांनी जे वर्णन केले ते मी जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. “त्यांनी लहानपणी गालफुगी झाली होती का विचारलं. वास नीट येतो का विचारलं. दाढी किती दिवसांनी करता विचारलं. मग टेप घेऊन गळा मोजला, शर्टाला मोजतात तसा. आणि तपासताना एक मण्यांची माळ काढली, मॅडम, लहान मण्यापासून मोठ्यापर्यंत.” ती माळ वृषणांचा आकार ताडून पाहण्यासाठी असते, प्रत्येक मण्यावर मिलिलिटरचा आकडा असतो. सुधीर हे सांगताना पहिल्यांदा हसले. गळा त्रेचाळीस सेंटिमीटर भरला होता आणि वजन चौऱ्याण्णव किलो. डॉक्टरांनी रात्रपाळी नसलेल्या आठवड्यात, दोन वेगवेगळ्या सकाळी, उपाशीपोटी रक्त घ्यायला सांगितले. आकडे ३५२ आणि ३३८ आले. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखालची पातळी कमी मानते. इंजेक्शन लिहिले गेले नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर निघाली, ६.१ टक्के एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी), आणि झोपेच्या तपासणीत मध्यम स्वरूपाचा स्लीप ॲप्निया निघाला. म्हणजे रात्रभर श्वास अडत होता, झोप तुटत होती, आणि त्याचा दोष एका संप्रेरकाच्या माथी मारला जात होता.

‘काही लिहून दिलं नाही,’ ही सुधीर यांची पहिली तक्रार होती. दीड हजार रुपये शुल्क देऊन औषध न मिळणे म्हणजे फसवणूकच, असे वाटणारे ते एकटे नाहीत. माझा अनुभव असा की संप्रेरकांच्या बाबतीत ‘तुम्हाला याची गरज नाही’ हे वाक्य उच्चारण्याचे धाडस असलेला डॉक्टर जपून ठेवावा.

ज्यांनी कोर्स आधीच सुरू केला आहे त्यांच्यासाठी थोडे वेगळे सांगावे लागते. अशा मुलांना डॉक्टर ओरडतील याची भीती असते, म्हणून ते सायकल, म्हणजे असा इंजेक्शनांचा कोर्स, मारल्याचे लपवतात आणि मग अहवालाचा अर्थच लागत नाही. काय घेतले, किती आठवडे, कोणाकडून, हे सगळे सांगितले पाहिजे. रक्तदाब वाढवण्याचे टर्मिन नावाचे भूल विभागातले इंजेक्शन जिममध्ये टोचून घेतले असेल तर तेही. अनेक महिन्यांचा कोर्स एकाएकी बंद केल्यावर मन अतिशय खचू शकते, जगणे नको असे विचारही येऊ शकतात. त्या काळात डॉक्टरांच्या जोडीला घरातील एका तरी माणसाला हे ठाऊक असावे. स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंना आणखी एक गोष्ट लागू होते: टेस्टोस्टेरॉन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहे. खरा आजार असला तरी औषध सुरू करण्यापूर्वी नाडाकडून, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून, उपचारासाठीची सूट मिळवावी लागते. ‘हे चाचणीत सापडत नाही’ असे सांगणारा माणूस डॉक्टर असो वा प्रशिक्षक, तो तुमचा नाही.

आमच्या भेटी पुढे सात महिने चालल्या, आणि त्यांत संप्रेरकांपेक्षा झोपेबद्दल, गावाकडच्या फोनबद्दल आणि एका खोलीत परत कसे झोपायचे याबद्दलच अधिक बोलणे झाले. श्वासाच्या यंत्राचा मास्क सुधीर यांना आजही आवडत नाही. वजन सत्त्याऐंशीवर आले. दोघांच्याही वंध्यत्वाच्या तपासण्या सुरू झाल्या असून सुधीर यांचा वीर्याचा अहवाल ठीक आहे. पुढे काय होईल ते अजून ठरायचे आहे. वेलनेस दवाखान्याने बरीच हुज्जत घालून अठरापैकी सहा हजार परत केले.

मागच्या महिन्यात त्यांच्या जिममधल्या मित्राने त्यांना त्या डीएम डॉक्टरांचा नंबर मागितला. त्या मित्राच्या दोन सायकली झालेल्या होत्या आणि तिसरीची तयारी होती. सुधीर यांनी नंबर पाठवण्याआधी त्याला एक मेसेज केला आणि तो मला दाखवला: ‘आधी सांग, पोरं हवीत का? घरी विचार.’ खाली दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या. उत्तर आलेले नव्हते.