आधी होल्डेम, मग ओमाहा
पोकरचे हे दोन्ही प्रकार एकदम शिकण्यापेक्षा आधी टेक्सास होल्डेम पक्का करावा, असा माझा आग्रह आहे. त्यात हातातली 2 आणि टेबलावरची 5 सामाईक पाने मिळून कोणत्याही 5 पानांचा सर्वोत्तम डाव धरला जातो. ओमाहात हातात 4 पाने येतात, पण त्यांतली नेमकी 2च वापरावी लागतात, आणि नवखे इथेच फसतात: टेबलावर बदामाची 4 पाने असून तुमच्याकडे बदामाचा फक्त एक्का असेल, तर होल्डेममध्ये फ्लश (एकाच चिन्हाची 5 पाने, म्हणजेच रंग) होतो, ओमाहात होत नाही. तीन पत्तीची सवय असल्यास क्रमवारी नव्याने पाठ करा, कारण पोकरमध्ये रंग सिक्वेन्सपेक्षा (ओळीने येणारी पाने) वरचढ असतो आणि ट्रेल (एकाच किमतीची तीन पाने) त्या दोघांच्याही खाली. सुरुवातीला कमकुवत पाने पहिल्याच फेरीत टाकून द्या. कंटाळा आला, तरी टाका.