जीव वाचला, मग तक्रार कशी करू?

वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया झालेले कितीतरी जण माझ्यासमोर बसून हेच विचारतात. "कॅन्सर गेला. आता टाळूच्या प्लेटबद्दल कुरकुर केली तर कृतघ्नपणा नाही का?"

जबड्याचा भाग काढला की तोंड आणि नाक यांच्यात मोकळी वाट राहते. ती बुजवणारी प्लेट म्हणजे ऑब्च्युरेटर. ती नीट बसली नाही, तर पाणी नाकात चढतं, बोलणं गेंगाणं होतं.

पन्नाशीतले एक शिक्षक आले होते. काहीही विचारा, उत्तर एकच, "ठीक आहे." शेवटी पत्नी म्हणाल्या, "ठीक कुठलं? कोणी आलं की हे आतल्या खोलीत जातात. जेवतात पण एकटेच."

मी विचारलं, "सर, प्लेट नकोशी कधी वाटते?"

"काढतो तेव्हा. आत काय उरलंय ते कळतं."

"आणि घातल्यावर?"

बराच वेळ गेला. "पाणी डावीकडून नाकात जातं. 'दादा' म्हणायला जातो, 'नाना' ऐकू येतं."

मला हवं होतं ते इथे मिळालं. सरांच्या मनात दोन गोष्टींची गाठ बसली होती. एक, गेलेल्या जबड्याचं दुःख. ते कुठलीच प्लेट भरून काढणार नाही. दुसरी, डावीकडची गळती. त्यावर दंततज्ज्ञांकडे उपाय असतो. गाठ सुटेपर्यंत माणूस "ठीक आहे" म्हणत राहतो, असं माझं ठाम मत आहे. दुःखासाठी आम्ही रडायला वेळ ठेवला. तक्रार मात्र कागदावर लिहायला लावली.

तो कागद पाहून दंततज्ज्ञांनी प्लेटची डावी कड वाढवली. गळती पूर्ण थांबली नाही, पण सर फोन स्वतः उचलू लागले.

सुरुवातीची प्लेट तात्पुरतीच असते. जखम भरताना आतला आकार बदलतो, म्हणून ती सैल होते. कायमची प्लेट साधारण ३ ते ६ महिन्यांनी करतात, रेडिएशन झालं असेल तर आणखी उशिरा. मधल्या काळात दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा जाणं हा उपचाराचाच भाग आहे. कोणत्या बाजूने गळतं, पातळ की घट्ट, कोणतं अक्षर बिघडतं, कुठे टोचतं, हे टिपून न्या. रेडिएशननंतर तोंड कोरडं पडतं, कमी उघडतं. प्लेट घालताना त्रास होत असेल तर तेही सांगा. न भरणारा व्रण किंवा रक्त दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

घरच्यांनो, बोलणं कळलं नाही तर नुसती मान डोलावू नका. "पुन्हा सांगा" म्हणा. सरांना सगळ्यात जास्त लागलं होतं ते लोकांचं न समजता हो म्हणणं.