‘पुन्हा करोनासारखं काही झालं तर?’

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एमबीबीएसच्या अंतिम वर्षाला आहेस, इंटर्नशिपमध्ये शिकागोला आठ आठवड्यांची इलेक्टिव्ह, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात शिकायची संधी, मिळाली आहे, एकटीच जाणार आहेस, घरातलं कुणी आजवर परदेशी गेलेलं नाही. काय न्यावं, कुठे राहावं, एकटं वाटतं का. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, ‘आई विचारते, पुन्हा करोनासारखं काही झालं तर?’

पहिल्या प्रश्नांची उत्तरं इतरांनी दिली आहेत आणि व्हिसा, परीक्षा, फॉर्म यांची माहिती त्या त्या संकेतस्थळांवर आहे. मी फक्त आईच्या प्रश्नासाठी लिहायला बसले. दोन दिवस तो डोक्यातून जात नाहीये.

माझं घर उदगीरचं, कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यातलं सरकारी. १ फेब्रुवारी २०२० ला मी न्यूयॉर्कला उतरले. क्वीन्समधल्या एका हॉस्पिटलात आधी चार आठवडे कार्डिओलॉजी, मग चार आठवडे जनरल मेडिसिन. एप्रिलच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाला स्टेप टू सीएस (तिथल्या डॉक्टरीच्या परवान्यासाठीची तेव्हाची एक परीक्षा) देऊन परत यायचं. एल्महर्स्टमध्ये एका घराच्या तळघरातली खोली घेतली होती. वर घरमालक राहायचे, बांगलादेशी जोडपं. ते पिवळी टॅक्सी चालवायचे, त्या घरीच असायच्या. मी आंटी म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, खाला म्हण. मग ते चाचा झाले. चार पावलांवर जॅक्सन हाइट्स, तिथे मेथीची जुडीसुद्धा मिळायची. पहिला महिना इतका चांगला गेला की मी घरी फोन करायला विसरायचे.

१ मार्चला न्यूयॉर्कमध्ये पहिला रुग्ण सापडला आणि २ मार्चला माझी मेडिसिनची पोस्टिंग सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात राऊंडला आमच्या तोंडावर मास्क आले, तिसऱ्या आठवड्यात मास्क मोजून मिळायला लागले. १७ मार्चला तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने सांगितलं, विद्यार्थ्यांना रुग्णांपासून दूर ठेवा. त्याच संध्याकाळी मला ई-मेल आला. दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोप आणि डबा घ्यायला गेले तर माझ्या ओळखपत्राने दार उघडलं नाही. सिक्युरिटीवाल्याने दोन्ही वस्तू बाहेर आणून दिल्या.

आता नीट वाच. तेव्हा परत येता येत होतं. तिकीट बदलायला चाळीसेक हजार लागणार होते. बाबा म्हणाले, मी पाठवतो, तू ठरव. हॉस्पिटलमधून मात्र सांगण्यात आलं की हे दोन आठवड्यांचं आहे, मग राहिलेले दिवस भरून घे, शिफारसपत्र त्यानंतर मिळेल. ते पत्र म्हणजे माझ्या तिथे येण्याचं कारण होतं. अमेरिकन डॉक्टरच्या सहीचं पत्र नसेल तर रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, मुलाखती सहसा येत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. मी थांबले. १९ मार्चला जाहीर झालं की २२ पासून भारतात एकही आंतरराष्ट्रीय प्रवासी विमान उतरणार नाही. उरलेल्या विमानांत जागा नव्हती. दोन दिवस, एवढीच मुदत मला मिळाली होती. जवळच न्यू जर्सीतल्या एडिसनला बाबांचे लांबचे नातेवाईक होते. त्यांच्याकडे वयस्कर आई होती, ते म्हणाले आत्ता नको येऊस. त्यांचं बरोबरच होतं.

ज्या पत्रासाठी मी थांबले ते ऑक्टोबरमध्ये थेट अर्जाच्या प्रणालीत जमा झालं. ते वाचण्याचा हक्क आपण आधीच सोडून देतो, तशीच पद्धत आहे. त्यामुळे त्यात काय लिहिलंय ते मी आजतागायत पाहिलेलं नाही.

नंतरचे आठवडे तळघरात. खिडकी फुटपाथच्या पातळीला होती, चालणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. मग तेही दिसेनात. सायरन मात्र रात्रंदिवस. एल्महर्स्ट हॉस्पिटलात एका दिवसात तेरा माणसं गेल्याची बातमी आली तेव्हा मी तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर भात शिजवत होते. न्यूयॉर्क विद्यापीठाने आपल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मुदतीआधी पदवी देऊन वॉर्डांत पाठवायचं ठरवलं. तिकडे माझ्या बॅचचे इंटर्न आपल्याकडे स्वॅब घेत होते, ग्रुपवर किट घातलेले फोटो टाकत होते. मी यांच्यातही नव्हते आणि त्यांच्यातही नव्हते. रोज संध्याकाळी सात वाजता लोक खिडक्यांतून टाळ्या वाजवायचे. तेव्हा मी नळ सोडून ठेवायची.

मार्चच्या अखेरीस चाचांना ताप आला. टॅक्सी त्यांनी आधीच बंद केली होती, पण उशीर झाला असावा. टायलेनॉल, म्हणजे तिथलं पॅरासिटामॉल, दुकानांतून संपलं होतं. माझ्याकडची क्रोसिनची पाकिटं मी वर नेऊन दिली. ऑक्सिमीटर शोधला, कुठेच नव्हता. शहराचा सल्ला होता की त्रास सौम्य असेल तर घरीच थांबा. रोज दोनदा मास्क लावून मी दारातून त्यांना बघायचे.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री दहाला खालाने हाक मारली. मी श्वास मोजला, मिनिटाला २४, नेहमीपेक्षा जास्त. ते पलंगावर बसून माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलत होते, उदगीरला समुद्र आहे का असं विचारत होते. हॉस्पिटलचं नाव काढलं की म्हणायचे, ‘वहाँ से कोई वापस नहीं आता, बेटी.’ खाला मला म्हणाल्या, ‘तुम डॉक्टर हो, तुम बोलो.’ मी म्हणाले, सकाळपर्यंत बघू.

पहाटे पाचला दार वाजलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. ॲम्ब्युलन्स आली, मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर आली. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. भेटायला कुणालाच सोडत नव्हते. गेल्याचा फोन खालाच्या मोबाईलवर आला, पण तिकडचं इंग्रजी त्यांना कळेना म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

या आजारात ऑक्सिजन खूप खाली गेला तरी माणूस शांतपणे बोलत राहू शकतो, हे नंतर सगळ्यांना कळलं. तेव्हा ते मला कळायला हवं होतं की नाही, याचं उत्तर मी किती जणांना विचारलंय. सीनियर म्हणतात, रात्रीच नेलं असतं तरी कदाचित तेच झालं असतं. खरं असेल. पण २४ हा आकडा मी मोजला होता. आज माझ्या वॉर्डात कुणी फोनवर २४ सांगितलं की मी खुर्चीतून उठते.

म्हणून तुला सांगते. इलेक्टिव्हच्या कागदावर तुझे अधिकार लिहिलेले असतात: हे कर, हे करू नको, सही करू नको. वॉर्डात ते पाळणं सोपं आहे. तुझ्या खोलीचं दार वाजेल तेव्हा मात्र समोरच्याला तू डॉक्टर असशील, आणि त्याची भीती बघून तुलाही तसं वाटेल. ‘मला सांगता येत नाही, ९११ ला फोन करू या’ हे वाक्य आत्ताच म्हणायला शीक. आपल्याकडे इंटर्न असं म्हणाली तर ओरडा बसतो, म्हणून ते आपल्या तोंडात बसलेलं नसतं. ऑक्सिमीटर घरून ने, बॅटऱ्यांसकट. आणि परत येण्याच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, त्यांना हात लावू नको, पत्रासाठी तर मुळीच नको.

कागदांबद्दल थोडं लिहिते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. आपण बी-वन या तात्पुरत्या भेटीच्या व्हिसावर जातो. उतरल्यावर अधिकारी किती दिवसांची मुदत देतो ते तिथल्या तिथे वाच. सगळ्यांना सहा महिने मिळतात असं मी ऐकून होते. मला ३० एप्रिल मिळाली होती आणि ती मी वाचली ती अडकल्यावर. मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन भरला, फी ३७० डॉलर, वर बायोमेट्रिकचे ८५. ४५५ डॉलर म्हणजे माझी तीन महिन्यांची विद्यावेतनं, आणि रजेवर असल्याने तीही बंद होती. बायोमेट्रिकची कार्यालयं बंद, बोलावणं आलंच नाही. अर्ज तसाच प्रलंबित असताना मी जूनमध्ये अडकलेल्यांना परत आणणाऱ्या सरकारच्या ‘वंदे भारत’ मोहिमेच्या विमानाने नेवार्कहून मुंबईला आले. तिकीट लाखाच्या घरात, वर सात दिवस हॉटेलात स्वखर्चाने क्वारंटाइन, मग उदगीरला जायला ई-पास.

२०२२ मध्ये रेसिडेन्सीसाठीच्या जे-वन व्हिसाच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, एप्रिलनंतर तुम्ही तिथे कशा होतात? मी अर्जाची पावती, फीची पावती, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा मुंबईचा शिक्का असं सगळं काढून ठेवलं. अधिकाऱ्याने दोन मिनिटं चाळलं आणि हो म्हटलं. ते बोर्डिंग पास आईने कपाटात नागपंचमीच्या चित्राखाली जपून ठेवले नसते तर काय झालं असतं, मला विचार करवत नाही. तूही कागद फेकू नकोस, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नकोस.

आणि कॉलेज. मी परत यायच्या ठरलेल्या तारखेपर्यंतची रजा मंजूर करून गेले होते. त्यापुढचे दिवस इंटर्नशिपमध्ये वाढवून लागले, ते मी भरले, सगळे कोविड वॉर्डात भरले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दाखल्यावर शेरा आला, ‘विनापरवानगी गैरहजर’. विमानबंदीचा आदेश जोडला, वाणिज्य दूतावासाकडे केलेल्या नोंदणीची प्रत जोडली, चार अर्ज दिले, चारही आवक-जावकमध्ये नोंदवले. उत्तर एकच, नमुन्यात दोनच शब्द आहेत, परवानगीने किंवा विनापरवानगी. शेवटच्या वेळी मी त्या टेबलासमोर रडले. समोरच्यांनी पंखा वाढवला आणि पाणी दिलं, शेरा बदलला नाही. त्याचं इंग्रजी भाषांतर माझ्या रेसिडेन्सीच्या अर्जासोबत गेलं आणि जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत मला त्याबद्दल बोलावं लागलं. दर वेळी मी विमानांचं सांगितलं. चाचांचं कुणालाच सांगितलं नाही. तू जाण्याआधी अर्जात एक ओळ घालून घे: ‘अपरिहार्य कारणाने परतण्यास विलंब झाल्यास तो कालावधी मंजूर रजेत धरावा’, आणि त्यावर गोल शिक्का घे. हसतील, तरी घे.

एकटेपणाचं विचारलं आहेस. एकटं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. कामात जातं.

तरीही मी परत गेले, हे तुला विचित्र वाटेल. आईलाही वाटलं होतं. तीन वर्षं रेसिडेन्सी झाली आणि आता ओहायोच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात आहे. जे-वनवर रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरने नंतर दोन वर्षं मायदेशी परतायचं असतं. ती अट माफ करून घ्यायचा एक मार्ग म्हणजे जिथे डॉक्टर मिळत नाहीत तिथे तीन वर्षं काम करायचं. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीसच जागा असतात, त्यातली एक मला मिळाली. लोक विचारतात, का गेलीस. पगार, शिक्षण, संधी असं मी सांगते आणि ते खरंच आहे. पण १८ मार्चला एक दार माझ्या ओळखपत्राने उघडलं नव्हतं, आणि त्या दाराच्या आत काय चाललंय ते मला आतूनच बघायचं होतं, हेही खरं आहे. इथल्या रात्रपाळीत एखादा म्हातारा ‘घरी जाऊ दे’ म्हणतो तेव्हा मी त्याच्याजवळ जरा जास्तच वेळ बसते. नर्सना वाटतं मी फार मनमिळाऊ आहे.

खाला दर ईदला फोन करतात. त्यांनी मला त्या रात्रीबद्दल एकदाही विचारलेलं नाही. तळघर आता एका नेपाळी मुलीला दिलं आहे, नर्सिंगची आहे, असं त्यांनी सांगितलं. दर वेळी म्हणतात, कधी येतेस. गाडीने साधारण आठ-नऊ तासांचं अंतर आहे. मी म्हणते, थंडी संपली की येते. तीन हिवाळे झाले.

आईला खरं तेच सांग. पुन्हा तसं काही झालं तर विमानं बंद होतील, हॉस्पिटल तुला बाहेर काढेल, आणि तुला दोनच दिवस मिळतील. त्या दोन दिवसांत काय करायचं ते आत्ता तिच्यासमोर बसून ठरव आणि लिहून तिच्याकडे ठेव. तिकडे असताना ते तुला ठरवता येणार नाही. मला आलं नव्हतं.