प्रसूती विभाग की शस्त्रक्रियागृह? भूल देणाऱ्या परिचारिकेच्या पहिल्या नोकरीविषयी

नाशिकला बी.एस्सी. नर्सिंग, मग टेक्सासमध्ये अतिदक्षता विभागातील नोकरी आणि आता नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टचा अभ्यासक्रम संपत आलेला, अशा टप्प्यावर तुमच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. एक केवळ प्रसूती विभागातील, 24 तासांच्या पाळ्यांची. दुसरी एकाच संस्थेच्या दोन रुग्णालयांत विभागलेली, काही दिवस शस्त्रक्रियागृहात आणि काही दिवस लेबर रूममध्ये. दोन्हीकडे काम केल्यास ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी गत होईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे दोन्ही ठिकाणी भूल देण्याचे काम करत आहे. माझ्या मते दुसरी नोकरी घ्यावी आणि पहिल्या वर्षी तिच्यातही शस्त्रक्रियागृहाचे दिवस अधिक मागून घ्यावेत.

याचे मुख्य कारण श्वासमार्ग सांभाळण्याचा सराव हे आहे. प्रसूती विभागात बहुतेक सिझेरियन स्पायनलवर (मणक्यात एकदाच इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणे) किंवा आधीच बसवलेल्या एपिड्युरलवर (पाठीत बसवलेल्या बारीक नळीतून औषध देत राहणे) होतात. पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत ट्यूब टाकण्याची वेळ क्वचित येते, पण येते तेव्हा बाळाचे ठोके घसरलेले असतात आणि एपिड्युरल बसवलेले नसते, किंवा प्लेटलेट्स इतक्या कमी असतात की मणक्यात सुई घालणेच धोक्याचे ठरते. गरोदरपणाच्या अखेरीस घशाच्या आतील अस्तराला सूज असते, फुप्फुसातील हवेचा राखीव साठा सुमारे 20 टक्क्यांनी घटलेला असतो आणि प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे श्वास थांबल्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, पाहता पाहता खाली येते. त्यातच पोट भरलेले आहे असेच धरून चालावे लागते, कारण भुलेखाली पोटातील आम्ल फुप्फुसात गेल्यास काय होते हे कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये बाळंतिणींच्याच प्रकरणांवरून दाखवून दिले होते. म्हणजे ट्यूब टाकणे जिथे सर्वांत अवघड, तिथेच त्याचा सराव सर्वांत कमी. हा हात पित्ताशयाच्या, हर्नियाच्या आणि आतड्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियांतूनच तयार होतो आणि तिथेच टिकतो.

लेबर रूम जे शिकवते ते मात्र शस्त्रक्रियागृहात सहसा मिळत नाही, कारण तिथली रुग्ण पूर्ण जागी असते. एपिड्युरल बसवताना पाठ वाकवून बसलेल्या स्त्रीला दोन-तीन मिनिटांनी कळ येत असते. सुई मणक्यांमधील घट्ट बंधात रुतलेली, मागे सलाइनची सिरिंज, अंगठ्याखाली दाब. कळ आली की हात आहे तिथेच थांबवायचा, तिला कळ ओसरेपर्यंत बोलण्यात गुंतवायचे आणि मगच मिलिमीटरभर पुढे जायचे. अचानक अंगठ्याखालचा विरोध नाहीसा होतो, सलाइन सहज आत जाते आणि मग कॅथेटर, म्हणजे ती बारीक नळी, सरकवता येते. त्यानंतर कॅथेटर योग्य जागी आहे का हे तपासण्यासाठी, नाडी वाढवणारे एपिनेफ्रिन मिसळलेल्या 1.5 टक्के लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे 3 मिलि देऊन थांबायचे. नाडी एकदम वाढली तर टोक रक्तवाहिनीत आहे अशी शंका घ्यायची. पाय लगेच जड पडले तर ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गेले आहे. वाचताना हे सोपे वाटते, पण पहाटे तीन वाजता, मणके बोटाला लागतच नाहीत अशा स्थूल पाठीवर ते जमायला बराच काळ जातो.

सिझेरियनच्या स्पायनलनंतरही कान उघडे ठेवावे लागतात. भूल छातीपर्यंत चढते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि गर्भाशयाचा भार मुख्य शिरेवर पडू नये म्हणून रुग्णाला डावीकडे कलते ठेवले तरी रक्तदाब घसरू शकतो. अशा वेळी पडद्यावर रक्तदाबाचा नवा आकडा उमटण्याआधीच ती ‘मळमळते आहे’ असे म्हणते. मी उलटीचे औषध शोधत बसत नाही. आधी रक्तदाब वाढवणारे फेनिलेफ्रिन देते आणि मग आकडा पाहते. रुग्णाच्या शब्दांवरून उपचार सुरू करण्याची ही सवय पुढे कंबरेच्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी स्पायनल घेतलेल्या वृद्धांच्या बाबतीत मला फार उपयोगी पडली.

रक्तस्रावाचेही तसेच आहे. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला सुमारे 700 मिलि रक्त वाहते. वार निघाल्यावर ते आकुंचन पावले नाही तर चादरीखाली किती रक्त साचले आहे याचा अंदाज नेहमी कमीच लागतो. गर्भाशय आकुंचित करणाऱ्या औषधांपैकी उच्च रक्तदाब असताना मेथिलएर्गोनोव्हिन टाळावे आणि दमा असताना कार्बोप्रोस्ट टाळावे, हे तुम्हाला परीक्षेपुरते पाठ असेल. पण प्रसूतितज्ज्ञ टेबलाच्या पलीकडून घाईत औषध मागतात तेव्हा ‘हिला दमा आहे’ असे ठामपणे सांगावे लागते.

शस्त्रक्रियागृह त्या मानाने निवांत असते, असा समज करून घेऊ नये. यादी आदल्या दिवशी हाती असते हे खरे, परंतु वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने घेणारा माणूस रात्रभर उपाशी असला तरी त्याच्या पोटात अन्न उरलेले असू शकते.

तुमचा दुसरा प्रश्न नाशिकला परतण्याविषयी होता. भारतात भूल देणे हे एम.डी. किंवा डी.एन.बी. झालेल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांचे काम आहे. परिचारिकेसाठी तसे स्वतंत्र पद नाही, त्यामुळे या पदवीवर तिथे हे काम करता येणार नाही. नातेवाइकांना यात काहीतरी कमअस्सल वाटते, याचाही तुम्ही उल्लेख केला आहे. त्यांना एवढे सांगता येईल की अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मेयो बंधू या नामवंत शल्यचिकित्सकांच्या रुग्णांना भूल देणारी अ‍ॅलिस मॅगॉ परिचारिकाच होती आणि भुलेमुळे एकही मृत्यू न झालेल्या 14,000 हून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा तिने 1906 मध्ये छापला होता.

करारावर सही करण्याआधी पगाराइतकाच रात्रीच्या व्यवस्थेचा तपशील विचारावा. डॉक्टरांच्या देखरेखीची मेडिकेअरची (अमेरिकन सरकारी आरोग्यविम्याची) अट तिथल्या प्रत्येक राज्याला 2001 पासून सोडून देता येते, त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतो, आणि रुग्णालयाचे स्वतःचे नियम त्याहून कडक असू शकतात. तुम्ही एका सिझेरियनमध्ये असताना दुसरे तातडीचे आले तर कोण येणार, ती व्यक्ती आवारात असते की घरून येते, आणि रक्तपेढी त्याच इमारतीत आहे का, हे नावनिशीवार विचारावे. रात्रीची पहिली एकटीची पाळी कधी लागेल आणि त्याआधी अनुभवी सहकाऱ्यासोबत किती पाळ्या मिळतील, हे तोंडी आश्वासनावर न सोडता लेखी मागून घ्यावे.