स्पेशलच्या आधी त्या पोट्ट्याचं काहीतरी कर

प्रिय,

टीव्हीवर तुझं स्टँडअप कॉमेडीचं तासाभराचं स्पेशल येतंय, त्याचं कौतुक फोनवर झालंच. हे पत्र तू स्टेजवर रंगवतोस त्या भोळ्या पोट्ट्याबद्दल आहे.

कॉलेजात असताना तू तो स्टेजवर उभा केलास, तेव्हा तो खरा होता. आज तुझ्या डोक्यावर गृहकर्ज आहे, मुलगी केजीत जाते, आणि स्टेजवर तू अजून बापापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा लपवतोयस! परवा नागपुरात धरमपेठेत खर्र्याच्या पन्नीचा जोक चालला म्हणा. पण दर तिसऱ्या वाक्याला ‘काऊन बे’ कशाला? पुण्या-मुंबईत त्यावर हशा जास्त येतो, म्हणून ते तुझं लाडकं झालंय. तिथले लोक जोकला हसतात की आपल्या बोलीला, हे एकदा तपास. तोच जोक ‘बे’ काढून सांग. पडला, तर तो जोक नव्हताच. वऱ्हाडी सोड असं मी मेलो तरी म्हणणार नाही. तिच्या जिवावर आळशी होऊ नको, एवढंच.

अमेरिकन कॉमेडियन जॉर्ज कार्लिन साठच्या दशकात सूट-टाय घालून टीव्हीवर यायचा, चांगला जम बसला होता. 1970च्या सुमारास त्याने दाढी-केस वाढवले, सूट टाकला आणि स्वतःच्या मनातलं बोलायला लागला. पुढे 1977 ते 2008 एचबीओवर 14 स्पेशल केले. शेवटच्यात तो सत्तरीचा म्हातारा म्हणूनच उभा राहिला आणि म्हातारपणावर, मेलेल्या दोस्तांवर बोलला.

आता रेकॉर्डिंगचं. बारीक चौकड्यांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात तो नाचतो. दोन शो शूट होणार असतील तर बाह्यासुद्धा दोन्हींत सारख्याच दुमड. नाहीतर एडिटनंतर एकाच वाक्यात बाही कोपरावरून मनगटावर उतरते. प्रेक्षकांवर वेगळे माईक आहेत का, ते आधीच विचार, नाहीतर हॉल कोसळला तरी घरी बसलेल्याला चार माणसं खोकल्यासारखी वाटतात. पंचनंतर थांब. हशावर तुझं पुढचं वाक्य चढलं तर एडिटर तरी काय कापणार? आणि डोळे मोठे करून भोळा चेहरा करतोस ना, तो मागच्या रांगेला गोड वाटतो. क्लोजअपमध्ये मात्र पस्तिशीतला बाप्या पोरकटपणा करताना दिसतो.

एकदा स्पेशल लागलं की तो तास संपला. आपल्या नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, ते पुतळे बघ. दरवर्षी नवे, त्या वर्षी जे गळ्याशी आलं असेल त्याचे. मिरवले की जाळले. पुढच्या वर्षासाठी माळ्यावर कोणी ठेवत नाही. खर्रा, इंग्रजीचा तास, बापाची स्कूटर, सगळं त्या रात्री रेकॉर्ड कर आणि सोड.

मुलीच्या अॅडमिशनला शाळेने तुम्हा नवरा-बायकोची मुलाखत घेतली, तो किस्सा चहावर सांगितलास. त्याला पंच नाही अजून, शेवटही लंगडा आहे. पण तो सांगताना तू एकदाही ‘बे’ म्हटलं नाहीस आणि मी हसत होतो. स्पेशलनंतरच्या पहिल्या ओपन माईकला तोच घे. पडला तर फोन कर, बारा वाजले तरी चालेल.

तुझा,
काका