जुनी टूरिंग गाडी घेताय? वॉरंटीला भुलू नका

भाऊ, बीडहून लेहला जायला जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन घेऊ की केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, असं विचारलंस; दोन्ही गाड्या चांगल्याच आहेत. पण लेहची स्वप्नं बघण्याआधी बीडहून सर्व्हिस सेंटर किती लांब पडतं ते बघ. जुनी ४११ सीसी हिमालयन, म्हणजे रेडिएटर नाही, भानगड कमी; गावाकडचा मिस्त्रीही ती उघडायला घाबरत नाही. ३९० ॲडव्हेंचर पळायला लई भारी, पण लिक्विड कूल्ड, म्हणजे इंजिन थंड ठेवायला कूलंट आणि रेडिएटर आलाच. मे महिन्याच्या उन्हात इंजिन तापवून रेडिएटरचा पंखा सुरू होतो का, ते बयाणा देण्याआधीच तपास.

आता वॉरंटी. "अजून बाकी आहे" म्हणून मालक भाव वाढवणारच. वर्षं आणि किलोमीटर, यांतलं जे आधी भरेल तिथे ती संपते. ३ वर्षं किंवा ३०,००० किमीची वॉरंटी आणि गाडी २८,००० पळालेली असेल, तर तुझ्या वाट्याला धड लेहपर्यंतचं अंतरही उरत नाही! चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, क्लच प्लेट हा झिजणारा माल सहसा त्यात धरतच नाहीत. शिवाय एखादी सर्व्हिस चुकली असेल, तर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. चासी नंबर घेऊन अधिकृत सेंटरला जा, सर्व्हिसचा इतिहास काढ. एक्स्टेंडेड, म्हणजे जादा पैसे भरून वाढवलेली वॉरंटी असेल तर ती तुझ्या नावावर होते का, हे लेखी घे.

मी तर वॉरंटी संपलेली, पण सगळी बिलं जपलेली गाडी घेईन. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस.