फॉर्म्युला पाठ आहे, तरी न्युमेरिकल का अडतं?

प्रश्न: ताई, मी इंदूरला असते, बारावी सायन्स. घरी मराठी, शाळेत सगळं इंग्लिशमधून. केमिस्ट्रीचा चॅप्टर वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं पण न्युमेरिकल समोर आलं की हात थांबतो. लिमिटिंग रीएजंट, इक्विलिब्रियम आणि पीएच, या तीन ठिकाणी दर टेस्टला मार्क जातात. फॉर्म्युले सगळे पाठ आहेत. परीक्षेला दोन महिने राहिलेत, काय करू?

उत्तर: अगं, फॉर्म्युले पाठ आहेत ना, मग आता थोडे दिवस ते बाजूला ठेव. प्रश्न वाचल्या वाचल्या तू "यात कुठला फॉर्म्युला लागेल" हे शोधतेस असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. त्याआधी एक गोष्ट स्वतःला विचार: आत्ता भांड्यात काय काय आहे आणि किती आहे? तुझ्या तिन्ही अडचणी इथेच अडकल्यात.

लिमिटिंग रीएजंट घे. समज सकाळी घरी पाहुणे आलेत, पोहे-जलेबी द्यायचेत, एका प्लेट पोह्यांबरोबर तीन जलेब्या. पोहे दहा प्लेट आहेत, जलेब्या पंचवीस. संख्येने जलेब्या जास्त, पण पूर्ण प्लेटा आठच लागतील, म्हणजे अडवलं कोणी, तर जलेबीने. आता अमोनिया बघ: एक मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन लागतो आणि दोन मोल अमोनिया होतो. दिलाय २८ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे १ मोल, आणि ५ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे २.५ मोल. इथे पुष्कळ मुलं "कमी मोल कोणाचे? नायट्रोजनचे" म्हणून नायट्रोजनला लिमिटिंग ठरवतात आणि मार्क गेले. एकाला तीन हवेत, आहेत अडीच, म्हणून हायड्रोजन आधी संपणार. अमोनिया २.५ गुणिले २ भागिले ३, म्हणजे १.६७ मोल, साधारण २८.३ ग्रॅम. नायट्रोजन ४.७ ग्रॅम उरतो. आणि शेवटी बेरीज करून बघायचीच, आधी ३३ ग्रॅम होते, नंतर २८.३ आणि ४.७ मिळून ३३, जमलं. ही बेरीज अर्ध्या मिनिटाची आहे, प्लीज सोडू नकोस.

इक्विलिब्रियमला मात्र जरा थांबू या, कारण इथे इंग्लिश शब्दच घोळ करतो. इक्वल ऐकलं की वाटतं दोन्हीकडे निम्मं-निम्मं झालं आणि रिअॅक्शन थांबली. दोन्ही चूक. रात्री अकराला आपला राजवाडा आणि त्याच्याजवळचा सराफा, म्हणजे रात्रीचा खाण्याचा बाजार, डोळ्यांसमोर आण. सराफ्यात खायला माणसं जातायत, खाऊन परत येतायत, जितकी आत तितकीच बाहेर. गर्दी तेवढीच दिसते पण माणसं सारखी बदलतायत, आणि सराफ्यातली गर्दी राजवाड्याइतकीच असली पाहिजे असं काही नाही. सारखा असतो तो फक्त जाण्या-येण्याचा वेग. आता राजवाड्यावर एक भरलेली बस रिकामी झाली, तर आत जाणारे वाढतील, मग हळूहळू पुन्हा बरोबरी होईल, पण राजवाड्यावरची गर्दी बस यायच्या आधीपेक्षा थोडी जास्तच राहील. बदल केला की इक्विलिब्रियम तो बदल थोडा कमी करायच्या बाजूला सरकतं, या ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलेल्या तत्त्वात मुलं नेमकं हेच विसरतात. हायड्रोजन वाढवला की रिअॅक्शन अमोनियाकडे सरकते, टाकलेल्यातला थोडा वापरला जातो, सगळा नाही, आणि के, म्हणजे इक्विलिब्रियम कॉन्स्टंट, तोच राहतो. के बदलतो तो फक्त तापमानाने. कॅटॅलिस्टने तिथे लवकर पोचतो इतकंच. अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे थंडात जास्त मिळायला हवा, तरी कारखान्यात ४०० ते ५०० डिग्री ठेवतात, कारण थंडात वेग इतका कमी की कॅटॅलिस्ट असूनही भागत नाही. वेग वेगळा आणि किती मिळणार ते वेगळं, हे दोन वहीत दोन रंगांनी लिही.

आर्गॉन, म्हणजे यात कशाशीच रिअॅक्शन न करणारा वायू, टाकायचा प्रश्नही येतो. भांडं बंद आणि आकार तोच असेल तर काहीच सरकत नाही, एकूण प्रेशर वाढलं तरी, कारण बाकीच्या वायूंचं कॉन्सन्ट्रेशन तेच आहे. प्रेशर तेच ठेवून भांडं पसरू दिलं तर मात्र जास्त मोलच्या बाजूला, म्हणजे इथे मागे सरकतं. त्यामुळे प्रश्नातला व्हॉल्यूम की प्रेशर हा शब्द आधी अंडरलाइन कर.

पीएचमध्ये फसवणारा प्रश्न एकच सांगते. एचसीएल १० चा उणे ८वा घात मोलर, पीएच किती? फॉर्म्युला ८ देतो, म्हणजे सातच्या वर, बेस. पण अॅसिड कितीही पातळ केलं तरी बेस कसं होईल! भांड्यात पाणीही आहे ना, २५ डिग्रीला त्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन १० चा उणे ७वा घात, म्हणजे अॅसिडच्या दहापट. दोन्ही धरून समीकरण सोडवलं की ६.९८ येतं, सातच्या किंचित खाली.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नकोस. प्रश्न वाचून झाला की आईला किंवा भावाला मराठीत सांग की भांड्यात काय आहे, सांगताना अडखळलीस तर तिथेच कच्चं आहे. पेपरात शब्द इंग्लिशच लिही.

आणि आज रात्री हे एक सोडव: १४ ग्रॅम नायट्रोजन, २ ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती आणि काय उरेल? ११.३ ग्रॅम अमोनिया आणि ४.७ ग्रॅम नायट्रोजन आलं तर जमलं, ८.५ किंवा १७ आलं तर जलेब्या पुन्हा मोज.